लांपूकीचं कपाळ

पावलीना अबेलाची मासळी पेपरच्या पहिल्या पानावर छापून आली, त्या दिवशी आमच्या बेटावरच्या मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावी, धक्क्यावर, तिच्या गालांचे इतके मुके घेतले गेले की दुपारी साबणाने तोंड धुतलं तरी मासळीचा वास जाईना.

गोष्टच तशी होती. दोन युरोचं नवं नाणं निघणार होतं. एका बाजूला युरोपचा ठरलेला नकाशा, दुसऱ्या बाजूला आपल्याला हवं ते. आपल्याला काय हवं हे ठरवायला समितीने स्पर्धा लावली. ब्याऐंशी चित्रं आली आणि त्यांतल्या चाळिसांवर आठ टोकांचा क्रॉस होता. आमच्याकडे कुणाला काही सुचलं नाही की तो क्रॉस काढतो. तो आधीच खिशातल्या नाण्यांवर आहे, विमानांवर आहे, साखरेच्या पुड्यांवर आहे, आणि एकेकाळी आमच्यावर राज्य करणाऱ्या ज्या सरदारांचा तो होता ते बाहेरून आले आणि बाहेर निघून गेले. पण हे कोण बोलणार?

पावलीनाने लांपूकी काढली. ऑगस्टच्या मध्यापासून नाताळच्या तोंडापर्यंत जी मासळी आमच्या प्रत्येक घरात तळली जाते, पावात घातली जाते, पालक-ऑलिव्ह घालून पिठाच्या कवचात भाजली जाते, ती. वर कोळी पाण्यावर तरंगत सोडतात त्या ताडाच्या झावळ्या, त्यांच्या सावलीला आलेली मासळी, भोवती बारा तारे. समितीने ती निवडली. क्रॉस काढणारा, राजधानी व्हॅलेटातला एक नामांकित शिल्पकार दुसरा आला आणि पेपरवाल्यांना म्हणाला, की तळून खायच्या वस्तूने देशाची ओळख होत नसते. त्यावर धक्क्यावर जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पावलीना शिल्पकार वगैरे नव्हती. ती पुतळेवाली. आजा पुतळेवाला, बाप पुतळेवाला. गावोगावच्या उत्सवात बँडच्या आणि फटाक्यांच्या दणदणाटात संतांचे जे पुतळे खांद्यांवरून मिरवतात, ते कागदाच्या लगद्याचे आणि प्लास्टरचे पुतळे हे घराणं करत आलं होतं. अशा पुतळ्यावर करणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही. संताच्या पायाशी कुणाचं नाव शोभणार? तिच्या बापाने चाळीस वर्षांत एकतीस पुतळे केले, आणि त्याचं नाव कोरलं गेलं ते एकदाच, थडग्यावर, तेही जन्मतारीख चुकवून.

नाण्यावर मात्र करणाऱ्याची अक्षरं घालता येतात. मासळीच्या शेपटीखाली दोन अक्षरं, पी आणि ए, मोहरीच्या दाण्याहून लहान. पंचेचाळिसाव्या वर्षी पावलीनाला ती दोन अक्षरं हवी होती. घर नको, गाडी नको, परत लग्न तर नकोच नको. लाखो खिशांत, लाखो गल्ल्यांत आपली दोन अक्षरं खुळखुळत असतील, या विचाराने ती एकटी असताना हसायची. स्वतःचीच लाज वाटावी इतकी तिला ती हवी होती.

मंगळवारी सकाळी नेनूमामा तिच्या पुतळ्यांच्या कारखान्यात आला. हा तिच्या आईचा धाकटा भाऊ. वय बहात्तर, त्यातली साठ वर्षं होडीत गेलेली. हातात तेल-टोमॅटो चोळलेल्या पावाची पुडी. पावलीनाने टेबलावरचं ओलं फडकं उचललं. खाली प्लास्टरची चकती होती, जेवायच्या ताटाएवढी. टांकसाळीला असंच मोठं करून द्यावं लागतं, मग तिथलं यंत्र ते लहान करत करत नाण्याएवढं आणतं. शुक्रवारी ही चकती समितीच्या हवाली करायची होती.

मामाने पाव खाल्ला. काचेच्या पेल्यातून चहा प्यायला. मग आणखी अर्धा पेला मागितला.

"अरे बोल की," पावलीना म्हणाली. "पेपरात बारीक दिसली असेल. आता नीट बघ."

"झावळ्या झकास."

"आणि?"

"तारेही बाराच्या बारा आहेत. मोजले मी."

"मामा, मासळीबद्दल विचारतेय मी!"

मामाने हात पँटला पुसले आणि चकतीवर वाकून मासळीच्या कपाळावरून अंगठा फिरवला. "ही कुठली गं?"

"कुठली म्हणजे? लांपूकी."

"लांपूकीच. पण आपली नव्हे. हे कपाळ बघ, भिंतीसारखं सरळ उभं. असं थोराड नराचं असतं, मोठ्या समुद्रातल्या, माणसाएवढ्या. आपल्याकडे येतात ती पोरं गं. हातभर लांबीची." त्याने तळहात हवेत तिरका धरला. "त्यांचं डोकं असं उतरतं, गोलसर. असला बैल साठ वर्षांत माझ्या जाळ्यात दोनदा आला. दोन्ही वेळा हॉटेलवाल्याने भिंतीवर टांगायला नेला. खायला कुणी नेला नाही."

पावलीनाने चकती स्वतःकडे ओढली. "हे तुला एकट्यालाच दिसलं?"

"छे. पेपर आला त्या सकाळीच सगळ्या धक्क्याला दिसलं."

"आणि तरी माझे मुके घेतले?"

"मग काय करतील? तू आपली. आपल्या पोरीच्या मासळीला नावं कोण ठेवणार? मासळीवाला झेप्पी तर म्हणाला, कपाळ मोठं आहे तर असू दे, शिकलेली असेल."

"मग तू कशाला बोललास?"

"मला रोज इथे चहाला यायचं असतं," मामा म्हणाला. "मनात ठेवून घशाखाली उतरत नाही."

तो गेल्यावर पावलीनाने कपाटातून सगळी जुनी चित्रं काढली आणि तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. पहिलं चित्र तिने बाजारातल्या चेट्टाच्या फळीवरची मासळी समोर ठेवून काढलं होतं. त्यातलं कपाळ बरोबर होतं, तिरकं, गोलसर. दुसऱ्या चित्रात ते किंचित वर आलं होतं. चौथ्यात आणखी. सातव्यात, म्हणजे समितीने मंजूर केलेल्या चित्रात, भिंत उभी होती.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पुतळा उंच चौथऱ्यावर असतो, चौथरा आठ माणसांच्या खांद्यांवर, आणि लोक रस्त्यातून मान वर करून बघतात. खालून बघणाऱ्याला डोकं लहान दिसतं. म्हणून पुतळेवाले डोकं मापापेक्षा थोडं मोठं करतात आणि कपाळ पुढे काढतात. नऊ वर्षांची असल्यापासून बाप मागे उभा राहून ओरडायचा, "डोकं वाढव, पावली, डोकं वाढव!" छत्तीस वर्षं ती डोकी वाढवत आली होती. मासळीचंही वाढवलं, आणि तिला पत्ताही लागला नाही. हाताला कुठे माहीत होतं, की नाणं लोक तळहातावर घेऊन वरून बघतात?

मग तिने स्पर्धेचा कागद शोधला. नियम नववा स्वच्छ होता. निवड झाल्यानंतर चित्रात कलाकाराने बदल केल्यास प्रवेशिका बाद, आणि दुसऱ्या क्रमांकाचं चित्र घेतलं जाईल. दुसरा क्रमांक म्हणजे पुन्हा क्रॉस.

तो कागद पुढ्यात घेऊन ती बराच वेळ बसली. गप्प बसणं सोपं होतं. समितीतल्या साहेबांना मासळी ठाऊक होती ती काटे काढून, लिंबू पिळून ताटात आलेली. शेवटची मंजुरी देणाऱ्या ब्रसेल्सला तर कुठलीही मासळी चालली असती. चूक कळणार होती फक्त धक्क्यावरच्या माणसांना, आणि ती तर तोंडही उघडणार नव्हती. नाणं हातात आलं की ती माणसं ते उलटून बघतील, तिच्याकडे बघून हसतील, आणि खिशात टाकतील. त्या हसण्याचा विचार तिला सहन होईना. ज्यांच्यासाठी काढली त्यांनीच माझी लाज झाकायची? मग कशाला हवीत ती अक्षरं?

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या कारखान्यात तिचाच आवाज तिला परका वाटला, पण तो चुकीचा वाटला नाही.

बुधवारी उजाडायच्या आत ती मामाच्या होडीत चढली. चाळीस मिनिटांनी झावळ्यांचा पहिला तराफा दिसला. मामाने इंजिन बंद केलं आणि तिला कठड्यावरून ओणवं व्हायला सांगितलं. खाली सावलीत त्या फिरत होत्या, हिरव्या, सोनेरी, निळ्या ठिपक्यांच्या. पाण्याबाहेर आल्यावर दहा मिनिटांत ही मासळी राखाडी पडते, म्हणून बाजारात उभं राहून ती कुणाला पुरती कळत नाही. पावलीनाने चित्र काढलं नाही. ती नुसती बघत राहिली, पोट कठड्यावर दाबून, मान अवघडेपर्यंत.

"आता मागे हो, की त्यांच्यातच राहतेस?" मामाने विचारलं.

"थांब. अजून एकदा वळू दे तिला."

"वळेल ती. तिला काय, दिवसभर तेच काम."

परत येताना त्याने दोन मासळ्या बर्फात घालून दिल्या. एक बघायला, एक खायला, म्हणाला. पावलीनाने दोन्ही बघायलाच ठेवल्या. उरलेला बुधवार आणि गुरुवार ती कारखान्याबाहेर पडली नाही. मातीच्या नव्या नमुन्यात कपाळ उतरवलं तर चित्राचा तोलच गेला. मोठ्या डोक्याने गोल भरत होता, आता समोर मोकळी जागा उघडी पडली आणि मासळी केविलवाणी दिसू लागली. तिने माती खरवडली, परत थापली, परत खरवडली. दोनदा तिचा हात आपोआप कपाळाकडे माती घेऊन गेला आणि दोनदा तिने त्याच्यावर दुसऱ्या हाताने चापट मारली. शेवटी तिने सगळी मासळीच थोडी वाकवली, पाण्यात वळताना वाकते तशी, आणि ती जागा भरली. मासळी पळू लागली. गुरुवारी दुपारी तिने प्लास्टर ओतलं आणि साच्यातून चकती सुटेपर्यंत एक घासही खाल्ला नाही.

शुक्रवारी व्हॅलेटाच्या बसमध्ये तिच्या एका मांडीवर दोन चकत्या होत्या आणि दुसऱ्या मांडीवर थर्माकोलची पेटी. शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली.

समितीचे अध्यक्ष व्हिटोर कास्सार हे एकेकाळी शाळा तपासत. माणूस सरळ होता, पण कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी जगात नव्हतं. लांब टेबलाशी त्यांच्याबरोबर आणखी चौघं होती.

"या, पावलीनाबाई. पेटीत काय आहे?"

"पुरावा," ती म्हणाली. टेबलावर निकालाच्या दिवशीचा पेपर पडला होता. तिने तो पसरला आणि त्यावर लांपूकी ठेवली. बर्फाचं पाणी पहिल्या पानावर, तिच्या छापून आलेल्या मासळीवर ओघळलं.

"अहो, हे काय!"

"साहेब, ही बघा आणि पेपरातली बघा. कपाळ बघा. मी चुकले. नाण्यावर जाणारी मासळी आपली नाही. बरोबर केलेली मी आणली आहे."

तिने दोन्ही चकत्या शेजारी मांडल्या. पाचही डोकी वाकली. खिडकीशी बसलेल्या बँकेच्या बाईंनी चष्मा लावला, मासळीकडे पाहिलं, चकत्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंच की. माझी आई बाजारातून आणायची ती अशीच असायची."

"तुमच्या आईला समितीवर घ्यायला हवं होतं," अध्यक्ष म्हणाले. "बाई, नियम नववा वाचलात?"

"पाठ आहे."

"मग? कलाकाराने बदल केला की प्रवेशिका बाद. मला काही करता येत नाही. तुम्ही ही जुनी चकती द्या आणि शांतपणे घरी जा. सोमवारी चित्र ब्रसेल्सला जातंय. कुणाला कळणार आहे?"

"मार्साश्लोकला कळलंय."

"मार्साश्लोक आक्षेप घेणार आहे का?"

"नाही ना! तेच तर," पावलीना म्हणाली. तिचा आवाज चढला. "ती माणसं माझ्याकडे बघून गप्प बसलीत. घेतला असता आक्षेप तर बरं झालं असतं. साहेब, उद्या एखादा पोरगा नाणं घेऊन बापाला विचारेल, आपली लांपूकी अशी असते का? बाप काय सांगेल? खोटं सांगेल, माझ्यासाठी. मला नको ते."

खोलीत मासळीचा वास पसरायला लागला होता. एकाने हळूच खिडकी उघडली. कास्सार साहेबांनी नियमांची वही काढली आणि बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेले. बाकीचे घड्याळं बघत होते. पावलीना उभीच राहिली. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ती बसली नसती.

"एक वाट आहे," शेवटी ते म्हणाले. "चौदावा नियम. मंजूर चित्रात तांत्रिक दुरुस्ती करायचा अधिकार टांकसाळीच्या कोरक्याला, म्हणजे ठसा कोरणाऱ्या कारागिराला आहे. कलाकाराला नाही, त्याला. आपण तुमची नवी चकती त्याच्याकडे नमुना म्हणून पाठवू शकतो. तो त्याबरहुकूम दुरुस्ती करेल. मासळी राहील, क्रॉस येणार नाही." ते थांबले. "पण मग ते काम त्याचं. तुम्हाला लिहून द्यावं लागेल की या चित्रावर तुमचा हक्क नाही. बक्षीस नाही, आणि अक्षरंही जातील."

"माझी अक्षरं?"

"मंजूर झालंय ते मोठ्या कपाळाचं चित्र तुमच्या सहीचं. दुसऱ्या कपाळाखाली तुमची सही कशी घालू? जुनी चकती दिलीत तर अक्षरं राहतात. हे मी तुम्हाला नीट सांगितलं, असं इतिवृत्तात लिहून घ्या, मॅडम," ते बँकेच्या बाईंना म्हणाले.

पावलीनाने जुन्या चकतीकडे पाहिलं. शेपटीखाली पी आणि ए होते. ती अक्षरं कोरायला तिने सुई घासून घासून बारीक केली होती, पूर्ण एक सकाळ घालवली होती. ती सुबक होती. क्षणभर तिला वाटलं, की आपण ही जुनीच उचलून टेबलावर सरकवावी आणि धक्क्यावर कधी पाऊलच ठेवू नये. तिला ते खरोखर वाटलं. मग तिने नवीतल्या मासळीकडे पाहिलं. ती वळत होती.

"कुठे लिहून द्यायचं?" तिने विचारलं.

बँकेच्या बाई म्हणाल्या, "अहो, दोन दिवस घ्या हवं तर. विचार करा."

"दोन दिवस माती थापून झाला विचार. द्या कागद."

तिने पूर्ण नाव लिहून सही केली. मग पेन ठेवलं, जुनी चकती उचलली, आणि टेबलाच्या कडेवर आपटून तिचे दोन तुकडे केले. कास्सार साहेब दचकले. "हिचा घोटाळा व्हायला नको नंतर," ती म्हणाली. तुकडे तिने पिशवीत भरले. लांपूकी मात्र परत नेली नाही. ती संध्याकाळी कुणाच्या घरी तळली गेली हे इतिवृत्तात नाही.

बसमध्ये ती रडली. भरपूर रडली, खिडकीकडे तोंड करून, आणि मार्साश्लोकच्या आधीच्या थांब्यावर नाक पुसून तयार झाली.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात नाणं आलं. पेपरात दोन ओळी होत्या. मूळ कल्पना स्पर्धेतली, अंतिम काम परदेशी टांकसाळीच्या कोरक्याचं. कोरक्याचं नाव मोठं लांबलचक होतं. गावात कुणी काही विचारलं नाही, कारण नेनूमामाने प्रत्येकाला एकेकट्याला गाठून सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला बजावलं होतं की बाकी कुणाला सांगू नकोस.

रविवारच्या बाजारात पावलीना चेट्टाच्या फळीपाशी उभी होती. तिच्या पुढे मोस्ता गावाहून आलेला एक गृहस्थ होता, खिशाला भिंग लावलेला. असे नाणी जमवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांना माहीत नाही असं काही नसतं. चेट्टाने त्याला सुटे दिले तर त्यात ते नाणं निघालं. झालं, त्याने भिंग काढलं आणि प्रवचन सुरू केलं.

"बघा, बघा! याला म्हणतात काम. कसली वळलीय! आपल्या लोकांना जमलं नाही, शेवटी बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावं लागलं. तुमच्याच गावातली कुणीतरी बाई होती म्हणे स्पर्धेत. तिने म्हणे कसलासा राक्षस काढला होता."

चेट्टाचा हात मासळीवरच थांबला. शेजारच्या फळीवर झेप्पी सुरी घेऊन उभा होता, त्याने सुरी खाली ठेवली. नेनूमामाने तोंड उघडलं. पावलीनाने त्याचा दंड धरून त्याला मागे सारलं.

"राक्षस माझाच," ती म्हणाली. "आणि ही पण मीच केली."

गृहस्थाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या कोपरांना प्लास्टर लागलेलं होतं. "तुम्ही? पेपरात तर तसं नाही."

"पेपरात नाही. मी सही करून सोडली ती अक्षरं. बोलायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं."

त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं फिरवत फिरवत शोधू लागला. शेपटीखाली शोधलं, झावळ्यांत शोधलं, ताऱ्यांच्या मधे शोधलं. "कुठे काही दिसत नाही हो," तो म्हणाला, आणि जिंकल्यासारखा हसला. "तुमचं नाव कुठे आहे?"

चेट्टाने बर्फातून एक लांपूकी उचलली, पाणी झटकलं आणि त्याच्या नाण्याशेजारी आडवी धरली.

"नाव कसलं शोधताय?" पावलीना म्हणाली. "कपाळ बघा."